वर तीस

३ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग खुशाली. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुमच्या जुन्या ध्रुवीय संशोधन-तळाजवळ खोल नळी घालून काढलेल्या बर्फाच्या कांड्या मी मोजल्या आणि वर्षाला चाळीस सेंटिमीटर बर्फ साठतो हा तुमचा आकडा बरोबर निघाला. ते पत्र तुम्ही काकूला दोनदा वाचून दाखवलंत असं तिने कळवलं. वाईट वाटतं, पण ते पत्र रद्द समजा. आकडा चाळीस येत नाही. सत्तर येतो.

कुठे चुकले ते सांगते. शीतकोठीत उणे वीसवर बसून कांडी लाइटच्या टेबलावर ठेवली की तिचे थर दिसतात. उन्हाळ्याचा थर जाड दाण्यांचा, हिवाळ्याचा बारीक. एक उन्हाळा आणि एक हिवाळा म्हणजे एक वर्ष. पण तिथल्या बर्फात वर्षाच्या मध्येच एक पातळ, काचेसारखा पापुद्रा सापडतो. वारा चार दिवस एकसारखा घासून गेला की तो तयार होतो. त्या पापुद्र्यालाही मी उन्हाळा धरलं. आणि काका, खरी लाज पुढेच आहे. सगळेच पापुद्रे धरले असते तर निदान अडाणीपणा म्हणता आला असता. जिथे धरल्याने सरासरी चाळीसच्या जवळ जायची तिथे मी धरले, आणि जिथे लांब जायची तिथे वारा म्हणून सोडून दिले. पुस्तकामागचं उत्तर बघून गणित सोडवायचं नाही, त्या पानावर हात ठेवायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी हात काढला.

गेल्या आठवड्यात राखेचा अहवाल आला नसता तर हे कळलंही नसतं. खोलवरच्या एका कांडीत ज्वालामुखीची राख आहे. तो डोंगर कोणत्या वर्षी फुटला हे जगाला ठाऊक आहे, त्यामुळे राखेपासून वरपर्यंत छत्तीस वर्षं भरायला हवीत. माझी त्रेसष्ट भरली होती. सत्तावीस वर्षं मी पदरची घातली! आता सगळे थर पुन्हा मोजले, खाली दबलेला प्रत्येक थर वजन करून वरच्या मोकळ्या बर्फाच्या मापात आणला, आणि सत्तर आले.

बाबा ज्या छताखाली गेले, त्या छतापासून या कांड्या अर्ध्या कोसावर काढल्या आहेत. करवत चालवताना ते मनात येतं, म्हणून मी मोठ्याने आकडे म्हणत काम करते. शेजारच्या टेबलावरचा रसायनवाला म्हणतो की मी बर्फाला पाढे शिकवते आहे.

तुमचा चाळीसचा आकडा कसा आला होता, ते एकदा नीट लिहाल का? काठ्या रोवल्या होत्या आणि वर्षाने त्या किती बुडाल्या ते मोजलं होतं, एवढंच मला माहीत आहे. ती वही घरी असेल तर हवी आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं नाही तरी तुम्ही बरं बरं म्हणता, म्हणून पत्रच लिहा.

माझी प्रकृती ठीक. कुलूप तीनदा ओढून बघायची सवय आता दोनवर आली आहे. काकूला नमस्कार. चुकलेल्या पुतणीवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
शंकासुर


१२ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. काकूने चष्मा शोधून दिला, तो माझ्याच कपाळावर होता. ती अजून हसते आहे.

आपली चूक आपणच लिहून कळवणारी माणसं थोडी. मात्र तू एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलीस असं मला वाटतं. काल चाळीस, आज एकदम सत्तर. बर्फ काही भाजीचा भाव नाही. चार गोष्टी तपास. कांड्या खोलगट जागेतून काढल्या असतील तर तिथे वारा आणून टाकतो आणि आकडा फुगतो. कांड्यांची टोकं प्रवासात तुटली असतील. वजनकाटा थंडीत खोटं बोलतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. आणि मधल्या तीसेक वर्षांत तिकडचं हवामानही बदललं असेल. माझ्या वेळी चाळीस आणि नंतर जास्त, असंही होऊ शकतं.

वही माळ्यावर कुठेतरी असेल. माझे गुडघे आणि ती शिडी यांचं जमत नाही, आणि ज्या पायाची दोन बोटं तिकडे ठेवून आलो तो पाय शिडीवर टिकत नाही. सापडली तर पाठवीन.

एक लिहून ठेवतो. त्या अपघाताची चौकशी तेव्हाच झाली. सुताराने तुळया लांब लांब ठेवल्या, छत बसलं आणि माझा भाऊ गेला. समितीने तसं लेखी दिलं आहे. तुझ्या आकड्याचा त्याच्याशी संबंध जोडू नकोस.

जेवणाची हयगय करू नकोस. शीतकोठीत मोज्यांचे दोन जोड घाल. काकूचा आशीर्वाद. आमची आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

तुझा,
काका


२४ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही संबंध जोडू नकोस असं लिहिलंत, तोवर मी जोडला नव्हता.

तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी तपासल्या. जागा सपाट आहे, मोजणीचा नकाशा पाहिला. टोकं शाबूत आहेत. काटा रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून ताडून घेते. तो माझ्यापेक्षा खरा आहे. चौथीसाठी आमच्या विभागप्रमुख बाईंकडून तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या जागेच्या कांड्या मागून घेतल्या आणि रसायनवाल्याला मोजायला दिल्या. त्याला कुठलाच आकडा सांगितला नाही. त्याने एकोणसत्तर आणले. तुम्ही तिथे होतात त्या पाच-सहा वर्षांचे थर मी वेगळे काढून पाहिले. एकाही वर्षी चाळीस नाही. सर्वांत कमी बासष्ट.

वहीसाठी माळ्यावर चढू नका. तिची प्रत इथल्या दप्तरखान्यात आहे. मी ती शुक्रवारी पाहिली. पहिल्या उन्हाळ्याची पानं तुमच्या अक्षरात आहेत. वीस काठ्या रोवल्या, प्रत्येक बर्फाबाहेर दीडशे सेंटिमीटर. पुढच्या उन्हाळ्याचं पान बाबांच्या अक्षरात आहे. तुमची बोटं तेव्हा गेली होती आणि तुम्ही तंबूत पडून होतात, म्हणून काठ्या बघायला जनरेटरचा मेकॅनिक असलेल्या धाकट्या भावाला पाठवलंत, हे तुम्ही मला लहानपणी कौतुकाने सांगायचात. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदाच इतकं पाहिलं. तेलकट बोटांचे ठसे प्रतीतही उठले आहेत. पहिल्या काठीपुढे त्यांनी लिहिलं आहे: ११०, वर ३०. दुसरीपुढे १०८, वर ३०. असं वीस वेळा.

तुमच्या पानांवर “वर” हा शब्द पुष्कळदा येतो. तिथे त्याचा अर्थ एकच आहे, वर पडलेला ताजा, भुसभुशीत बर्फ. तुम्ही बाबांचं पान तसंच वाचलंत. काठी एकशेदहा बाहेर, म्हणजे चाळीस बुडाली, त्यातला वरचा तीस ताजा. हिशेब बसतो. पण काका, वीसही काठ्यांवर ताजा बर्फ अगदी तीसच कसा असेल? वारा इतका समजूतदार नसतो. बाबांना काठ्या बुडत चाललेल्या दिसल्या असणार. त्यांनी प्रत्येक काठी तीस सेंटिमीटर वर ओढून घेतली, मग मोजली, आणि केलेलं काम लिहून ठेवलं. वर तीस. म्हणजे ओढायच्या आधी काठी ऐंशीच बाहेर होती. दीडशेतून ऐंशी गेले, सत्तर उरले.

मग मी छताचं गणित केलं. करायचं नव्हतं, पण झोप लागेना. चौकशीच्या कागदांत सुताराचं टाचण आहे. वर्षाला चाळीस हा आकडा त्याला तुमच्या सहीने मिळाला होता. त्याने सावधगिरी म्हणून पन्नास धरले आणि पाच वर्षांचा, म्हणजे अडीच मीटर बर्फाचा भार पेलेल अशा अंतरावर तुळया बसवल्या. पाचव्या हिवाळ्यात छत बसलं तेव्हा त्यावर तीन मीटरच्या वर बर्फ होता. तुळयांमधलं अंतर बरोबर होतं. तो सुतार बरोबर होता.

चूक प्रामाणिक आहे, तुमची आणि बाबांचीही. आकड्याच्या दुरुस्तीचा कागद मला द्यावा लागेल, त्यात मी तसंच लिहीन. मला एवढंच सांगा की हे तुम्हाला माझ्या पत्रावरून कळलं, की आधीपासून माहीत होतं? आधीपासून माहीत असेल तर हो लिहा. मी वाट पाहते.

रागावून लिहीत नाही.

तुमचीच,
शंकासुर


५ एप्रिल

चि. शंकासुरास,
काकूचे आशीर्वाद.

तुझ्या काकांनी तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं आहे आणि सदरा धुवायला देत नाहीत. जेवताना दोन घास खाऊन उठतात. काल मी त्यांना विचारलं की पोरीला उत्तर कधी लिहिणार, तर म्हणाले की पेनातली शाई संपली. घरात सहा पेनं आहेत.

म्हणून मीच लिहिते. मला तुझे थर कळत नाहीत, पण माणूस कळतो. तुझी आई आधीच गेलेली, बाप तसा गेला, आणि चार वर्षांची तू आमच्याकडे आलीस. तुला शाळेत न घालता यांनी घरीच शिकवायला घेतलं. सकाळी नऊ ते बारा, जेवणाच्या टेबलावर. मी पोळ्या लाटायची आणि तुम्हा दोघांची वजाबाकी ऐकायची. तू दहा वर्षांची असताना भर सत्रात तुला अचानक शाळेत घातलं, ते तुला आठवत असेल. आपण मठ्ठ आहोत म्हणून काका कंटाळले, असं तू कितीतरी वर्षं म्हणायचीस. मी नाही म्हणायची, पण कारण सांगत नव्हते, कारण मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी यांनी ती जुनी वही गणितासाठी काढली होती. बापाच्या हातचे आकडे पोरीने सोडवावेत, असं त्यांच्या मनात होतं. तू दीडशेतून एकशेदहा वजा केलेस. मग तू विचारलंस की बाबांनी काठी वर ओढली असेल तर हे तीस कुठे धरायचे? एवढंच. यांनी वही मिटली, उठून मागच्या दारी गेले आणि उन्हात बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं भावाची आठवण आली. पुढच्या सोमवारी तुझं नाव शाळेत घातलं.

म्हणजे हो, बाळा. अठरा वर्षं.

आता माझं सांगते. तुझा बाप गेला त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी तो सुतार आपल्या दाराशी आला होता. दाढी वाढलेली, हातात काही नाही. त्याला फक्त भेटायचं होतं. मी उंबरठ्याच्या आतूनच त्याला सांगितलं की आमचं माणूस खाऊन आता तोंड दाखवायला आलास का, आणि दार लावलं. तो बराच वेळ पायरीवर होता. फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. हे तू तुझ्या कागदावर लिहू नकोस, पण मला कुणाला तरी सांगायचं होतं.

तुझ्या काकांचं वय झालं. डॉक्टर रक्तदाबाला जपा म्हणतात. मी चूक-बरोबर सांगत नाही, फक्त थांब म्हणते. वर्ष, दोन वर्षं. पुढे तुझं तू कर.

गळ्यात काहीतरी गुंडाळत जा. माझ्यावर राग धरलास तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
काकू


१७ एप्रिल

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी सुतार माणूस, पेनाने लिहायची सवय नाही, म्हणून ही पेन्सिल. चपटी आहे, अक्षर जाड येतं, गोड मानून घ्या.

तुम्ही विचारलंत की तुळयांच्या अंतराबद्दल तेव्हा मी काय सांगितलं होतं. सांगायचं ते सांगितलं. अंतर कमी करायला लाकूड होतं, उरलेसुरले तुकडे नव्हेत, चांगल्या दहा तुळया परत बोटीत चढवल्या. गरज नव्हती म्हणून. आकडा बघून बसवल्या. माझ्या बापाने मला शिकवलं की माप दोनदा घ्यायचं आणि लाकूड एकदा कापायचं. पण बर्फाचं माप घ्यायला मी तिथे नव्हतो, ते दुसऱ्याचं काम.

तिसऱ्या उन्हाळ्यात दाराची चौकट दुरुस्त करायला मला परत नेलं. बर्फाखाली बांधलेल्या तळात उतरायला मी बारा पायऱ्या करून आलो होतो, त्या एकवीस झालेल्या. आणि काठ्या एकही दिसेना. सगळे म्हणाले वाऱ्याने मोडल्या. मी परत येऊन तुमच्या काकांना कचेरीत भेटून सांगितलं की साहेब, पायऱ्या फार वाढल्यात. ते म्हणाले की तोंडाशी वाऱ्याने बर्फ जमतो, छतावर तेवढा नसतो. तेही पटण्यासारखं होतं. तेव्हा त्यांनी ते खोटं सांगितलं असं मी आजही म्हणत नाही.

तुम्हाला अहो-जाहो करणं मला जड जातंय. तुझा बाप मला अरे सुतारा म्हणायचा आणि माझ्या रंध्याला मशीनचं तेल लावून द्यायचा. वास जायचा नाही. छत बसलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तो जनरेटरपाशी होता, असं नंतर कळलं. समितीपुढे मला विचारलं की झोप कशी लागते. मी काहीच बोललो नाही. न बोलणं हीच कबुलीची सही धरली त्यांनी.

त्यानंतर मला छताचं काम कुणी दिलं नाही. खोकी करतो, खिडक्यांच्या चौकटी करतो. बाजारात मला पाडव्या म्हणतात, पाडणारा म्हणून. नवीन पोरांना वाटतं ते माझं आडनाव आहे. माझी सूनही लग्न ठरेपर्यंत तसंच समजत होती.

तू लिहिलंस की चूक आकड्याची होती असा कागद तू देणार आहेस. वय चौऱ्याहत्तर, डाव्या डोळ्याने दिसत नाही. दे तर लवकर दे, आणि अक्षर मोठं काढ. माफी-बिफी नको. तुळयांचं अंतर बरोबर होतं, एवढं एक वाक्य हवं. सहीचं.

तुझ्या बापाचा स्नेह होता, तो तुझ्याकडे आहे असं मानतो.

सुतार


२८ एप्रिल

चि. शंकासुरास,
आशीर्वाद.

तू हो किंवा नाही मागितलं होतंस. हो. काकूने तुला कळवलं, हे मला आज कळलं. तिच्यावर रागावलो नाही. माझं काम तिने केलं.

तुझे बाबा आणि मी एका ताटात जेवलो. एकमेकांचे सदरे घातले. पण तो मेकॅनिक, मी बर्फवाला. इंजिन साखळीने उचलताना तो ओरडायचा तो शब्द “वर”, आणि मी बर्फात गुडघे टेकून लिहायचो तोही “वर”. त्याने मला सांगितलं असेल की काठ्या ओढल्या. मला ताप होता, पायाला पट्ट्या होत्या, मी ऐकलं नसेल. की त्याला वाटलं दादाला वाचून कळेलच? हे मी अठरा वर्षं फिरवून फिरवून पाहतो आहे. इतर कशाचा विचार मी इतका केलेला नाही.

तू टेबलाशी बसून तो प्रश्न विचारलास तेव्हा मला एका क्षणात सगळं दिसलं. पायऱ्यासुद्धा दिसल्या. त्याच आठवड्यात मी समितीला पत्र लिहिलं. ते टपालात टाकलं नाही. मनाशी म्हणालो की भाऊ परत येणार नाही, आणि सुताराला सहा वर्षांत काहीतरी काम मिळालंच असेल. पुढे त्याच्या दुकानासमोरून तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्याने मला पाहिलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. त्यानंतर तो रस्ता सोडला. तुला मी घरून उठवून शाळेत घातलं, कारण तू रोज समोर बसून विचारत राहिली असतीस. तू मठ्ठ नव्हतीस. हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. एवढं तरी.

आता मागणं मागतो, आणि ते हलकं आहे हे मला कळतं. मी जाईपर्यंत थांब. फार दिवस नाहीत. मी गेल्यावर माझ्या नावाने जे खरं आहे ते सगळं लिही, कमी लिहू नकोस. सुताराने चोवीस वर्षं काढली आहेत, आणखी दोन काढील. हे वाक्य लिहून झाल्यावर मी वाचलं. खोडणार होतो. पण तू खाडाखोड पकडतेस, म्हणून तसंच ठेवतो.

कचेरीत माझा फोटो लावलेला आहे, त्याखाली तो आकडा आहे. तो फोटो उतरवताना मी जिवंत असू नये, एवढीच इच्छा आहे.

तुझ्यावरचा माझा जीव तू मोजू शकणार नाहीस. पण तू मोजशील.

काका


६ मे

तीर्थरूप काका आणि काकूस,
सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र लिहिते, कारण दोनदा लिहिण्याचं बळ नाही.

काका, तुमचं पत्र आल्यावर मी तीन दिवस कामावर गेले नाही. चौथ्या दिवशी गेले आणि पुन्हा सगळे थर मोजले. काही बदललं असतं तर मला आनंद झाला असता. मी मोजताना उत्तरावर हात ठेवला होता, शपथ घेते. सत्तर.

थांबायचा विचार मी खरोखर केला. कागदाच्या एका बाजूला थांबण्याची कारणं लिहिली, दुसऱ्या बाजूला न थांबण्याची. थांबण्याच्या बाजूला खूप काही आलं. तुमचा रक्तदाब, काकूचे डोळे, तुम्ही मला घातलेला पहिला स्वेटर, शुद्धलेखनात र्‍हस्व-दीर्घ चुकलं की तुम्ही माझ्या नाकाला पेन्सिल लावायचात ते. पान भरलं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती: सुतार जिवंत आहे. ती मला खोडता येईना.

तुम्ही गेल्यावर लिहिलं, तर तो कागद एका मेलेल्या माणसाविरुद्ध होईल. लोक म्हणतील, बिचारे आता बोलू शकत नाहीत, पुतणीने मागून काढलं. सुतार तेव्हा असला तर त्याला अर्धंच काही मिळेल, आणि नसला तर त्याच्या सुनेला एक पाकीट मिळेल. आणि मी? मी तुमच्या जाण्याची वाट पाहू लागेन, काका. दर पत्राला तारखेकडे बघेन. रक्तदाब किती आहे ते विचारताना मनात काय असेल? मला ते नको आहे. तुम्ही जगावं असं वाटत राहायला हवं, म्हणूनच मला आत्ता लिहायचं आहे.

कागद तयार आहे. पहिल्या परिच्छेदात माझी चूक आहे: मी पापुद्रे उन्हाळे धरले, का धरले, किती धरले. तुमची चूक दुसऱ्या परिच्छेदात आहे. बाबांच्या पानाची प्रत जोडली आहे. “वर” या शब्दाचे दोन अर्थ सरळ लिहिले आहेत. तुम्हाला अठरा वर्षं माहीत होतं, हे मी लिहिलेलं नाही. ते माझं नाही, तुमचं आहे. त्यासाठी तिसऱ्या परिच्छेदाची जागा कोरी ठेवली आहे आणि खाली तुमच्या सहीची रेघ आखली आहे. भरलंत तर तसाच कागद जाईल. न भरलंत तर कोरी जागा काढून माझ्या एकटीच्या सहीने जाईल. मी तुम्हाला भाग पाडत नाही, पण मला कुणी विचारलं की काकांना माहीत होतं का, तर मी नाही म्हणणार नाही.

काकू, दाराची गोष्ट मी लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. पण सुतारांना कुणाचे शब्द हवे असतील तर माझे नकोत, तुझे हवे असतील.

शेवटचं वाक्य चौथ्या परिच्छेदात वेगळं ठेवलं आहे, मोठ्या अक्षरात: तुळयांमधलं अंतर मिळालेल्या आकड्याप्रमाणे बरोबर होतं. विभागप्रमुख बाईंना मी एवढंच सांगितलं आहे की तळाच्या जुन्या आकड्याबद्दल लेखी दुरुस्ती देणार आहे. त्यांनी वेळ दिली आहे. त्या म्हणाल्या की फोटोचं नंतर बघू. मी म्हटलं, फोटो राहू द्या, खालचा आकडा बदला. त्यांनी ते टिपून घेतलं.

कुलूप पुन्हा पाच वेळा ओढते. तुम्ही पत्र लिहिणं थांबवलंत तर मी समजेन, पण मी थांबवणार नाही. दर सोमवारी माझं पत्र येईल, मग ते उघडा अथवा न उघडा. माया मागण्याचा हक्क मला या पत्रात उरला आहे की नाही, ठाऊक नाही. मागून ठेवते.

कागदाची दुसरी प्रत सोबत जोडली आहे, सही करायची असेल तर परतीच्या टपालाने पाठवा. शनिवारपर्यंत, सतरा मेपर्यंत, ती पोचायला हवी. बाईंच्या टेबलावर मी कागद ठेवीन आणि तिथूनच पोच घेऊन सुतारांच्या दुकानी जाईन. दिवस ठरला आहे: सोमवार, एकोणीस मे, सकाळी साडेदहा.

तुमची,
शंकासुर